तिला अजून सांगितलेलं नाही

टिचकीचं लग्न झालेलं नव्हतं, पण त्याची बायको अख्ख्या शहराला पाठ होती. ती नवं भांडण कधीच उकरून काढत नाही, कारण जुनं अजून संपलेलं नसतं. माझ्यात तुला काय आवडलं, असं नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, विचार करायला थोडा वेळ दे. त्याला सोळा वर्षं झाली. आणि कुलपाचा विनोद तर लोक त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायचे. टिचकी म्हणायचा, "माझी बायको घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते." मग किंचित थांबायचा. मग म्हणायचा, "मी आत असतो."

एवढंच. याहून लांब विनोद त्याने आयुष्यात सांगितला नाही. बाकीचे कलाकार दोन तासांत पंधरा किस्से रंगवून सांगतात, पाणी पितात, घाम पुसतात. हा दीड तासात दीडशे विनोद सांगून घरी जायचा. कपाळावर टिचकी बसावी तसा विनोद बसायचा, आणि कोणी मारली हे बघेपर्यंत पुढची बसायची. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव त्याच्या थोरल्या बहिणीला आणि टपालवाल्याला ठाऊक होतं.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. प्रत्येक विनोद व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कागदावर लिहायचा. त्यात मावला नाही तर तो विनोद नव्हे, गप्पा. कागदाच्या मागे रेघा मारायच्या. एक रेघ म्हणजे लोकांनी ओठ हलवले, दोन म्हणजे हसले, तीन म्हणजे शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. कागद बुटांच्या खोक्यांत ठेवलेले असत आणि खोक्यांवर लिहिलेलं असे: डॉक्टर, शेजारी, लिफ्ट, मी. बायकोची तीन खोकी होती. आणि पहिल्या वाक्यानंतर दुसरं वाक्य येईपर्यंत बरोबर दोन सेकंद. ती तो उजव्या बुटातल्या अंगठ्यावर मोजायचा. अंगठा एकदा दाबायचा, दोनदा दाबायचा, की दुसरं वाक्य. अठरा वर्षांत उजव्या पायाचे मोजे नेहमी आधी फाटले.

बायको त्याने मुद्दाम आणली नव्हती. सुरुवातीला तो घरमालकिणीवर विनोद करायचा. लोक हसायचे, पण जपून, कारण भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या माणसाची थट्टा म्हटली की ऐकणाऱ्याला जरा अवघडतं. एके दिवशी त्याने 'घरमालकीण' काढून 'बायको' घातली आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. त्या दिवसापासून ती त्याच्या गळ्यात पडली ती पडलीच. नाही म्हणायला त्याला तिची सोबत वाटू लागली होती. संध्याकाळी भाजी चिरताना ती काय म्हणाली असती याचा तो विचार करायचा आणि सापडलं की हात पुसून लिहून ठेवायचा. याला कोणी संसार म्हणणार नाही, पण अगदीच काही नव्हतं असंही म्हणता येत नाही.

मग पन्नाशी ओलांडली आणि जवळचं दिसेनासं झालं. रंगमंचावर कागद हातभर लांब धरून वाचायची वेळ आली तेव्हा टिचकी चष्म्याच्या दुकानात गेला. दुकान एक बाई चालवत होत्या. शेचाळीस-सत्तेचाळीसच्या, केसांत चष्मा खोवलेल्या, बोलायला मोजक्या. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. काचा घासायच्या मशीनपुढे त्याचं उंच स्टूल तसंच होतं आणि बाई स्वतः मात्र शेजारी उभं राहून काचा घासायच्या. त्यांनी टिचकीसमोर बारीक अक्षरांचा तक्ता धरला. त्याने तक्त्याऐवजी खिशातला आपला कागद काढून वाचला: "आमच्या इमारतीत पाटी लावली आहे, लिफ्ट बंद आहे, तसदीबद्दल क्षमस्व. पाटी आठव्या मजल्यावर आहे."

बाई हसल्या नाहीत. "समजला," म्हणाल्या, आणि डाव्या डोळ्याची काच बदलली.

हशा न देता नुसती पोच देणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. त्याला त्याचं काय करावं ते कळेना. पुढच्या आठवड्यात चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून तो परत गेला. त्यानंतर दर आठवड्याला सैल होऊ लागला. तिसऱ्या वेळी बाईंनी स्क्रू भिंगाखाली बघितला आणि म्हणाल्या, "नखाने सैल करू नका. खाच खराब होते. यायचं असेल तर नुसते या."

असा तो नुसता जाऊ लागला. बाईंनी त्याचा कार्यक्रम कधी बघितला नव्हता, पण गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या मिसेसना चालतं का, तुम्ही इथे येऊन बसता ते?" टिचकीने सगळं सांगितलं. मिसेस नाहीत, कधीच नव्हत्या, तीन खोकी आहेत. बाईंनी ऐकून घेतलं. "मग बरं," म्हणाल्या. "खोक्यांना माळ्यावर जागा आहे." सहा महिन्यांनी दोघांनी नोंदणी कार्यालयात जाऊन तारीख घेतली. दोन महिने पुढची, गुरुवारची.

इथून पुढे टिचकीचं डोकं चालायला लागलं, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. त्याच्या मनात आलं की लग्न झाल्यावर 'माझी बायको' म्हटलं की लोक चष्मेवाल्या बाईंकडे बघणार. त्या काउंटरवर उभ्या असणार आणि गिऱ्हाईक विचारणार, काय हो, कुलूप तीनदा ओढता म्हणे. हे त्याला नको होतं. म्हणजे आधीचीला निरोप द्यायला हवा. आता दुसरा कोणी असता तर गुपचूप खोकी बंद करून मोकळा झाला असता. पण याला विनोद सुचला, आणि चांगला विनोद सुचला की याचं बाकीचं सगळं बंद पडायचं. त्याने कागदावर लिहिलं: माझी बायको गेल्या आठवड्यात वारली. तिला अजून सांगितलेलं नाही.

आपल्या हातून याहून सरस काही झालेलं नाही, असं त्याला वाटलं. त्याने ते बाईंना दाखवलं नाही, बहिणीला फोनवर ऐकवलं नाही. थेट रंगमंचावर नेलं.

त्याचा कार्यक्रम दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्हायचा. तीनशे खुर्च्या भरलेल्या असायच्या. त्या रविवारी तासभर सगळं सुरळीत झालं. शेवटी टिचकीने कागद खाली ठेवले, माइकजवळ आला आणि म्हणाला, "माझी बायको गेल्या आठवड्यात वारली."

अंगठा एकदा दाबला. मधूनच कोणी बाई "अरेरे" म्हणाली. अंगठा दुसऱ्यांदा दाबला, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले पोस्टमास्तर उठून उभे राहिले.

हे पोस्टमास्तर कधीचे निवृत्त झालेले. अठरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, आधी जोडीने आणि गेली दोन वर्षं एकटे. ते उभे राहिले म्हणून शेजारचे उभे राहिले, मग मागची रांग, मग अख्खा हॉल. पडलेल्या विनोदानंतरची शांतता टिचकीला चांगली ठाऊक होती. तिच्यात खोकला असतो, खुर्च्या करकरतात. या शांततेत काहीच नव्हतं. तीनशे माणसं माना खाली घालून उभी असताना 'तिला अजून सांगितलेलं नाही' हे ज्याला म्हणता येईल त्याने म्हणून बघावं. टिचकीनेही मान खाली घातली.

इथपर्यंत त्याला कोणी दोष देऊ नये. पण कार्यक्रमानंतर तो दारात उभा राहिला, नेहमीसारखा, आणि माणसं एकेक करून त्याचा हात हातात घेऊन गेली. कोणी म्हणालं, धीर धरा. कोणी म्हणालं, काम सोडू नका, कामानेच माणूस तरतो. एका बाईने काही न बोलता नुसता खांदा दाबला. टिचकी "हो" म्हणत राहिला. त्याला ते आवडत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. अठरा वर्षं लोक त्याला हसून निघून गेले होते, आज पहिल्यांदा थांबत होते. शेवटी पोस्टमास्तर आले. त्यांनी दोन्ही हातांत त्याचा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगतो, ऐका. पहिलं वर्ष तिचं कपाट उघडू नका. वास जातो."

"नाही उघडणार," टिचकी म्हणाला.

सोमवारी सकाळी बहिणीचा फोन आला. "अरे, मला कोणीतरी फोन करून रडतंय! मला भावजय होती हे मला ती गेल्यावर कळावं का?"

"ताई, तो विनोद होता."

"मग मला हसू का येत नाहीये? आणि त्या चष्मेवाल्या बाईंना सांगितलंस का, की त्या आता दुसरेपणाच्या झाल्या?"

टिचकी मंगळवारी दुपारी दुकानात गेला तेव्हा मात्र बातमी त्याच्याआधीच पोचली होती. चष्म्याचं गिऱ्हाईक डोळे पुसायला लागलं की दुकानदाराला कारण विचारावंच लागतं. बाई काउंटरमागे बसून एका फ्रेमची दांडी बसवत होत्या.

"तुमची बायको गेली म्हणे," मान वर न करता त्या म्हणाल्या.

टिचकी खुर्चीत बसता बसता थांबला. "त्याला पुढचं वाक्य होतं."

"काय?"

"तिला अजून सांगितलेलं नाही."

बाईंनी स्क्रू पिळला, दांडी उघडझाप करून बघितली. "समजला," त्या म्हणाल्या. "चांगला आहे. मग सांगितला का नाहीत?"

"लोक उभे राहिले."

"आणि नंतर दारात? दारात तर लोक उभेच असतात."

बाईंनी विचारलं, कोण काय काय म्हणालं? त्यांच्यापुढे खोटं बोलणं त्याला जमत नसे. धीर धरा, काम सोडू नका, खांदा दाबला, असं सांगत सांगत तो पोस्टमास्तरांच्या कपाटापर्यंत आला. बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मला पण कोणीतरी सांगितलं होतं, कपाट उघडू नका. मी आठव्या दिवशी उघडलं." त्या मशीनकडे, त्या स्टुलाकडे बघत होत्या. "वास आठ दिवसांतच गेला होता. ही वाक्यं कोणी सहज बोलत नाही हो. माणसाने ती आधी स्वतः सोसून कमावलेली असतात. तो म्हातारा माणूस घरात जपून ठेवलेलं तुमच्या हातात देतो, आणि तुम्ही म्हणता, नाही उघडणार."

"चूक झाली."

"झाली. माझ्यावर हवे तेवढे विनोद करा, मला त्याचं काही वाटणार नाही. कुलूप म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण हे दुःख माझं होतं. त्या पोस्टमास्तरांचं होतं. तुम्ही ते न भोगता घेतलंत. परत करून या."

"मी पत्रक लावतो, खाली वाचनालयाच्या फळ्यावर. सगळे वाचतील."

"वाक्य जिथे अर्धं टाकलंत तिथे उभं राहून पुरं करा."

"आणि आपली तारीख?"

"तारीख कार्यालयात लिहिलेली आहे, ती कुठे पळून जात नाही. मी येईन की नाही, ते तुमचा रविवार झाल्यावर सांगते." त्यांनी पुढची फ्रेम हातात घेतली. स्क्रूड्रायव्हर मात्र काउंटरवरच पडून राहिला.

पुढचे चार आठवडे टिचकीने कागदावर माफी लिहायचा प्रयत्न केला. ती एका कागदात मावेना. अकरा झाले. अकरा कागद म्हणजे त्याच्या हिशेबी कादंबरी. शिवाय प्रत्येक कागदावरचं दुसरं वाक्य आपोआप गमतीचं व्हायचं. सवयच तशी लागली होती, तिला तो तरी काय करणार? हॉलच्या मॅनेजरने कळवलं की जास्तीच्या खुर्च्या मांडाव्या लागणार आहेत, लोक तुम्हाला आधार द्यायला येताहेत. ते ऐकून टिचकीची पाचावर धारण बसली. आता खरं बोललं तर अठरा वर्षांची कमाई एका दुपारी जाणार होती, न बोललं तर बाई. बायकोची तीन खोकी त्याने दोरीने बांधून दाराशी ठेवली होती. येता-जाता ती पायाला लागायची, आणि त्याला चक्क वाईट वाटायचं. तिचं कोणी वाईट चिंतलं असतं तर त्याला चाललं नसतं, आणि त्याने तर तिला मारून टाकलं होतं.

रविवारी चार वाजता तो माइकसमोर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिचाऱ्याला आज टाळ्या नकोत, असं त्यांनी आपापसांत ठरवलेलं दिसत होतं. पोस्टमास्तर तिसऱ्या रांगेत होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, खांद्याची पर्स न काढता चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. कार्यक्रमाला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"गेल्या महिन्यात इथे एक वाक्य अर्धं राहिलं," टिचकी म्हणाला. "माझी बायको वारली, असं मी म्हणालो होतो. पुढचं वाक्य असं होतं: तिला अजून सांगितलेलं नाही."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई डोळ्याला रुमाल लावू लागली. दुःखाने माणसाचं असं होतं, अशा अर्थाने तिने शेजारणीकडे बघितलं.

"नाही," टिचकी घाईने म्हणाला. "मला लग्नच नाही. बायको नव्हतीच. अठरा वर्षांत कधीच नव्हती. मी घरी बसून लिहायचो. ती मेली हा विनोद होता, तुम्ही उभे राहिलात, मला पुढचं बोलता आलं नाही. आणि दारात बोलता आलं असतं तेव्हा मी बोललो नाही. तुम्ही हात धरत होतात ते मला आवडलं, म्हणून बोललो नाही."

हे त्याने एका दमात सांगितलं, मध्ये कुठेही न थांबता. अंगठा बुटात निपचित पडला होता.

"म्हणजे आम्ही उभे राहिलो ते उगाच?" मधल्या रांगेतून एकाने विचारलं.

"हो."

तो माणूस उठला आणि गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. मुद्दाम आवाज करत खुर्च्या सरकवत गेले. रुमालवाली बाई गेली. टिचकी दिव्याखाली उभाच राहिला. जाणाऱ्यांना जाऊ देणं एवढंच त्याच्या हातात होतं. हॉल शांत झाला तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक लोक उरले होते. टिचकीने तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

"मास्तर, कपाट उघडणार नाही म्हणून मी तुम्हाला शब्द दिला होता. कपाट नाही माझ्याकडे. तो शब्द मी घ्यायला नको होता. मला माफ करा."

पोस्टमास्तर उठले. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागला.

"म्हणजे ती वारली नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

"मग बरं झालं," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच सैल पडला. "मला महिनाभर झोप नाही. आमची ही इथून घरी जाईपर्यंत तुमच्या बायकोचंच बोलायची. तीही गेली म्हटल्यावर..." ते थांबले. "मग तिचा एखादा सांगा. कुलपाचा सांगा."

टिचकीने शेवटच्या रांगेकडे बघितलं. बाई हलल्या नाहीत. त्याच्याकडे कागद नव्हता, खोकी घरी दोरीने बांधलेली होती. पण हा विनोद वाचायची गरज नव्हती. तो माइकजवळ सरकला.

"माझी बायको घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते."

अंगठा दाबला. एकदा. दुसऱ्यांदा दाबायच्या आत तिसऱ्या रांगेतून पोस्टमास्तरच बोलले, आपल्या घरातल्यासारखे, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत:

"मी आत असतो."

मग पोस्टमास्तरांचे खांदे हलायला लागले, आणि ते रडताहेत की काय असं वाटेपर्यंत त्यांचा हसण्याचा आवाज ऐकू आला, खरखरीत, बऱ्याच दिवसांनी काढलेला. मग एकेक करून बाकीचे हसले. डोळे पुसत हसले. मागे दाराशी बाईंनी खांद्यावरची पर्स काढून मांडीवर ठेवली.

उरलेले विनोद टिचकीने सांगितले. काही बसले, काही पडले. कार्यक्रमानंतर तो दारात उभा राहिला. बरेच जण त्याच्या बुटांकडे बघत निघून गेले, दोघा-तिघांनी हात दिला. पोस्टमास्तरांनी नुसती टोपी सारखी केली आणि जिना उतरताना कठड्याला धरून "तीनदा ओढते" असं स्वतःशीच म्हणाले. सगळ्यांत शेवटी चष्मेवाल्या बाई आल्या.

"मी कुलूप एकदाच ओढते," त्या म्हणाल्या. "आणि त्याआधी आत कोण राहिलंय ते बघते."

टिचकीचा अंगठा बुटात आपोआप दाबला गेला. एकदा, दोनदा. पण त्याच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. ते बाईंकडे होतं.

"गुरुवारी साडेदहाला," त्या म्हणाल्या. "आणि मोजे दोन्ही धड घालून या."